तुटक रेघ

काठाचं खापर हातात येतं, बोटभर.
वर्तुळांच्या तक्त्यावर ते उभं धरायचं,
सरकवत न्यायचं, बाक जुळला की थांबायचं:
अठरा सेंटिमीटर.
म्हणजे एवढं तोंड होतं मडक्याचं.
डावीकडे काप काढायचा, उजवीकडे बाहेरचं अंग,
आणि खापर संपतं तिथून खाली
दोन-चार तुटक रेघा.
पुरावा संपला की पेन उचलायचं.
सव्वीस वर्षं मी हेच करते
बडोद्याच्या विद्यापीठात, उत्तरेच्या खिडकीपाशी.

अविनाश भाद्रपदात गेला.
(नावावरचा विनोद त्यानं स्वतःच केला होता,
दवाखान्यात, नळी काढल्यावर.)
त्यानंतर घरी मला पेन उचलता येईना.
त्या मंगळवारी गरनाळ्यात पाणी नसतं तर,
रिक्षावाल्यानं फतेहगंजावरून नेलं असतं तर,
आदल्या रात्री त्याच्या दुखऱ्या दंडाला
'गॅस असेल, ओवा खा' मी म्हटलं नसतं तर.
अख्खं मडकं काढत बसायचे रोज,
बुडासकट, नक्षीसकट,
आत धान्यसुद्धा.

शकुंतलाबाई वानखेडे कोठीघर झाडतात.
सासरे वर्ध्याहून आलेले, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात.
जेवणाच्या सुट्टीत त्या खापरांच्या खोक्यांमध्ये
गोणपाट टाकून दहा मिनिटं डोळे मिटतात.
एकदा जरा सरकल्या. मी बसले.
काय करायचं, विचारलं.
"काही नाही. नाकापाशी वारा येते न् जाते, थे पाहा.
मोजू नका. तुमाले मोजाची सवय हाय."

पहिला श्वास आला, गेला.
दुसऱ्यात गरनाळं आलं.
तिसऱ्यात ओवा.
पायाला मुंग्या, पापणीखाली चुरचुर,
कुठल्याशा खोक्यात उंदराची खसखस.
"येऊ द्या," बाई म्हणाल्या, डोळे मिटलेलेच,
"आलं म्हणा. पुढचं बोलू नका."

आलं.
आलं.
एवढ्या दोन अक्षरांवर उभं राहायचं
म्हणजे विहिरीच्या काठावर एका पायानं.
पुष्कळदा पडले. अजून पडते.

एक दिवस मी चिडून म्हटलं,
ती मोहरीची गोष्ट मला शाळेपासून आवडत नाही.
मेलेलं लेकरू कडेवर घेऊन दारोदार फिरलेली ती,
घरोघर मरण निघालं,
म्हणून तिचं लेकरू हलकं झालं का?

बाईंनी बशीत चहा ओतला.
त्यांचा मधला मुलगा पुराच्या वर्षी गेला
हे मला फार उशिरा कळलं, आणि दुसऱ्याकडून.
"हलकं नाही होत," त्या म्हणाल्या.
"पण पाहा न, मोहरी नाही म्हणणारं
एक घर नव्हतं त्या गावात.
साऱ्यायनं डबा उघडला तिच्यासाठी.
थे कोणी सांगत नाही."

आमच्याकडे कुलपात एक दगडी करंडक आहे.
त्याचा स्तूप आता धरणाच्या पाण्याखाली,
वरून मासे जातात.
करंडकाच्या अंगावर कोरलेलं आहे
कशातून काय उपजतं
आणि काय थांबलं की काय थांबतं.
इतकी वर्षं मी ती अक्षरं उंची-रुंदीनंच ओळखत होते.
दुःख आहे, हे पहिलं.
पण दुःखाच्या खाली तुटक रेघेनं
जे एवढं मोठं भांडं मी काढलंय,
ते जमिनीत कुणाला सापडलेलं नाही.

काल वरणाला फोडणी दिली.
तेराव्यानंतर पहिल्यांदाच.
मोहरी तडतडली, एक दाणा ओट्यावर उडाला.
दाताखाली मोहरी आलेली त्याला खपत नसे,
एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला लावायचा,
मी म्हणायचे, मुंग्यांची वरात.

ताटाची कडा स्वच्छ होती.
पाहिली.
घशाशी काही आलं, आलं म्हटलं.
मग भात कालवला.